पाऊस आहे का तिकडे?

२०२३च्या दसऱ्याला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, नेदरलँड्समधल्या वेल्डहोवन गावी एका मराठी घरात शस्त्रपूजा झाली. शस्त्रं म्हणजे स्क्रूड्रायव्हरचा संच, मिक्सर, तीन सायकली आणि एक गेमिंग पीसी. मिक्सरला आणि सायकलींना बोटभर हळदकुंकू मिळालं. पीसीला त्याशिवाय झेंडूचं फूल आणि, आपटा त्या मुलखात मिळत नसल्याने, कुंपणावरच्या कुठल्याशा झुडपाची दोन पानं. घरातल्या गृहस्थांनी मनोभावे हात जोडले. अकरा वर्षांच्या कन्येने तोंड फिरवून हसू दाबलं. दोनच दिवसांनी, गुरुवारी रात्री, पीसी अडखळायला लागला.

पूजेत काही चुकलं का, हा विचार गृहस्थांच्या मनात डोकावला नाही असं नाही. पण ते बी.ई. मेकॅनिकल असल्यामुळे त्यांनी आधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केला.

हे अडखळणं ज्याने भोगलेलं नाही त्याला ते समजावणं अवघड आहे. पीसी बंद पडत नाही. निळा पडदा येत नाही, धूर निघत नाही, जळका वासही येत नाही. खेळ झकास चाललेला असतो आणि मधेच पापणी लवावी इतका वेळ सगळं थिजतं, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे सरकतं. पट्टीच्या गवयाला ऐन समेवर उचकी लागावी तसं. कुणाला दाखवायला जावं तर उचकी थांबलेली असते. पाहणारा म्हणतो, "चांगलं तर चाललंय की!" आणि पाहणाऱ्याची पाठ वळली की पुन्हा उचकी.

गृहस्थ शर्यतीचा खेळ खेळत. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री सौभाग्यवती बॅडमिंटनला गेल्या, कन्या झोपायला गेली, की हे झान्डवूर्टच्या ट्रॅकवर. हा खराखुरा ट्रॅक उत्तर समुद्राच्या काठी वाळूच्या टेकड्यांमध्ये आहे. लांबी ४.२५९ किलोमीटर, वळणं १४, पहिल्या वळणाचं नाव तार्झान. त्या वळणाकडे ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ५५ मीटर कापते. पीसीची एक उचकी ७० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास ४ मीटर गाडी डोळे मिटून चाललेली. ब्रेक कुठे दाबायचा ते नेमकं त्या ४ मीटरांत ठरायचं असतं. गृहस्थ दर दोन फेऱ्यांनी वाळूत जात. जानेवारी २०२३ मध्ये संगणकावरच्या २४ तासांच्या ल मॉन्स शर्यतीत खुद्द शर्यतपटू मॅक्स व्हेर्स्टापेनचं कनेक्शन आघाडीवर असताना तुटलं होतं आणि त्याने जाहीर त्रागा केला होता. तो दाखला गृहस्थ स्वतःच्या समाधानासाठी वरचेवर देत. व्हेर्स्टापेनचा आजार वेगळा होता, पण दुःखाला सोबत लागते.

इथे थोडा हिशोब सांगायला हवा, कारण पुढचा सगळा गोंधळ या हिशोबातून झाला. गृहस्थांचा पडदा १४४ हर्ट्झचा. सेकंदाला १४४ चित्रं, प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम ७ मिलिसेकंद. आता एका सेकंदात एकच चित्र ७० मिलिसेकंद अडून बसलं आणि बाकीची इमानेइतबारे सातासातात आली, तर त्या सेकंदात १३४ चित्रं होतात. कोपऱ्यातला आकडा १४४ वरून १३४ वर येतो. प्रगतिपुस्तकात हे डिस्टिंक्शनच! शहर बस दर दहा मिनिटांनी येते हे कागदावर खरं असतं. थांब्यावरच्या माणसाला चाळीस मिनिटं एकही दिसत नाही आणि मग चार एकदम येतात, त्यातल्या तीन रिकाम्या. संगणकाच्या परीक्षणात ही सरासरीची लबाडी कितीतरी वर्षं खपून गेली. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या अमेरिकी परीक्षकाने सेकंदाच्या पोटात शिरून एकेका चित्राला किती वेळ लागला ते मांडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे उचकीला आलेखात जागा मिळाली. आता ते मोजायला फुकट साधनं आहेत. गृहस्थांनी ती लावली. सपाट रेघ, आणि मधूनच वर गेलेला सुळका. पुन्हा सपाट, पुन्हा सुळका.

या सगळ्यात गृहस्थांना सर्वांत जास्त काय झोंबत असेल तर त्यांचा पेशा. ते एएसएमएलमध्ये मोजमापाच्या विभागात आहेत. १९८४ मध्ये फिलिप्सच्या आवारातल्या लाकडी शेडांमधून सुरू झालेल्या या कंपनीची यंत्रं आज जगभरातल्या चिपा छापतात. त्यातल्या नव्या जातीच्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने पडत असतात आणि प्रत्येक पडत्या थेंबाला लेझर अचूक टिपतो. त्या ठिणगीतून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. दिवसभर अशा यंत्राच्या सान्निध्यात वावरणाऱ्या माणसाला रात्री घरी स्वतःच्या टेबलाखालचे ७० मिलिसेकंद सापडू नयेत!

"तुमच्या ऑफिसातलं यंत्र अडखळलं तर काय करता रे?" सौभाग्यवतींनी एकदा विचारलं.

"तिथे चाळीस जण असतात," गृहस्थ म्हणाले.

पहिले पंधरा दिवस फुकटच्या उपायांचे. हे उपाय प्रत्येकाने करावेत, कारण बरेचसे रुग्ण इथेच बरे होतात. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डात घालायची सोडून मदरबोर्डात घातलेली असते. १४४ हर्ट्झचा पडदा विकत घेऊन तो वर्षभर ६० वरच चालवलेला असतो. ३२०० ची रॅम बायोसमधलं एक बटण न दाबल्यामुळे २१३३ वर रखडत असते. गृहस्थांनी सगळं तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. एका नामांकित प्रोसेसर कंपनीने तर मार्च २०२२ मध्ये स्वतःच कबूल केलं होतं की काही यंत्रांत सुरक्षेच्या चिपेचं काम मधेच मेमरीत लुडबुडतं आणि पीसी क्षणभर थांबतो. त्यावर पुढे बायोसची नवी आवृत्ती आली. गृहस्थांना वाटलं, सापडलं! मध्यरात्री बायोस बदलला. बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्डाची वीट होते, त्यामुळे ती चार मिनिटं ते मीटरच्या कपाटासमोर उभे होते. बघून काय होणार होतं कोण जाणे. बायोस बदलला. २ नोव्हेंबरच्या गुरुवारी किआरान वादळ नेदरलँड्सवरून गेलं, आणि त्या रात्री तर पीसी इतका अडखळला की तार्झानपर्यंत पोहोचणंसुद्धा मुश्कील.

मग पीसी उघडला. आत पंख्याच्या जाळीला झेंडूची एक पाकळी चिकटली होती. तिचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, पण ती दिसल्यावर घरात तीन दिवस वेगळ्या विषयावर बोलणं झालं नाही.

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांनी सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. ही विद्या पुण्यातली. नव्वदीच्या दशकात ज्यांनी तापकीर गल्लीतून सुटे भाग गोळा करून पहिला पीसी 'असेंबल' केला त्यांना खोडरबराचं महत्त्व सांगायला नको. मॉनिटर काळा? खोडरबर. तीन वेळा बीप? खोडरबर. हार्ड डिस्क उडाली तरी आधी खोडरबर, मग रडारड. दुकानातला मुलगा कॅबिनेटच्या बाजूवर थाप मारून नुसत्या आवाजावरून निदान करी आणि त्याचे पैसे घेत नसे. गृहस्थांनी कन्येच्या दप्तरातलं रबर घेतलं. ते स्ट्रॉबेरीच्या वासाचं निघालं. पीसीला आठवडाभर स्ट्रॉबेरीचा वास येत होता आणि तो त्याच वासात अडखळत होता.

दर रविवारी चिपळूणहून आप्पांचा व्हिडिओ कॉल येई. आप्पा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. बंद पडलेल्या वस्तूबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून कोवळा होतो.

"कुठवर आलं तुझं ते मशीन?"

"अजून तसंच आहे आप्पा. मधेच अडखळतं."

"पाऊस आहे का तिकडे?"

"पावसाचा काय संबंध आप्पा?"

"नाही, सहज विचारलं."

चिपळूणच्या माणसाला हा प्रश्न सुचतोच. तिथे वीज, फोन, टीव्ही, घाट, रेल्वे, यांतलं काहीही बिघडलं तर आधी आभाळाकडे बघतात आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. पण गृहस्थांचा पीसी होता तिहेरी काचेच्या खिडकीआड. बाहेरचा पाऊस आत ऐकूसुद्धा येत नसे. आप्पांनी हा प्रश्न नोव्हेंबर ते मार्च दर रविवारी विचारला, आणि गृहस्थांनी दर रविवारी सौम्यपणे हसून विषय बदलला.

खरेदीला सुरुवात झाली दिवाळी पाडव्याला. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा. म्हणून असेल, गुणही अर्धाच आला. नवी रॅम बसवली, पीसी नीट चालला, घरात फराळाबरोबर तो विषयही संपला आणि पुढल्या गुरुवारी उचकी परत. डिसेंबरात नवा एसएसडी. सांताच्या आधी सिंटरक्लास येतो, ५ डिसेंबरच्या रात्री मुलांना भेटी मिळतात. कन्येला पुस्तकं मिळाली, बापाला एक टेराबाइट. जानेवारीत नवा पॉवर सप्लाय. प्रत्येक वेळी क्रम तोच. पीसीच्या सगळ्या केबला उपटायच्या, त्याला जेवणाच्या टेबलावर आणायचं, भाग बदलायचा, एक पडदा जोडायचा आणि चाचणी घ्यायची. टेबलावर तो लोण्यासारखा चाले. गृहस्थ शीळ घालत त्याला परत त्याच्या कोनाड्यात नेऊन ठेवत, केबला लावत. दोन-चार दिवस बरे जात. मग आलेखात सुळका. दवाखान्यात अगदी मुकाट होणारा दुखरा दात घरी येऊन पुन्हा ठणकतो, त्यातला प्रकार.

वाचकांपैकी जे हुशार आहेत त्यांना टेबल आणि कोनाडा यांतला फरक इथेच खटकला असेल. गृहस्थांनाही खटकला असता, पण दर वेळी त्यांच्या हातात एक नवा भाग होता. नवा भाग हातात असलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

फेब्रुवारीत प्रोसेसरची पाळी आली. जुना २०१९चा रायझन ५ ३६०० काढून त्याच सॉकेटात बसणारा ५८०० एक्सथ्रीडी घ्यायचा. या चिपेत तिसऱ्या स्तराची कॅश मेमरी ९६ मेगाबाइटची आहे, चिपेवर चिप रचून वाढवलेली. खेळातली लागणारी माहिती लांबच्या रॅममधून आणण्याऐवजी हाताशी राहते आणि उचक्या कमी होतात. म्हणजे होतात म्हणे. फणसाचे गरे काढणाऱ्याने शेजारीच तेलाची वाटी ठेवावी, तसा हा मामला.

जुना प्रोसेसर काढण्याची एक रीत आहे. आधी खेळ चालवून चिप तापवायची, म्हणजे कूलर आणि चिप यांच्यामधली पेस्ट मऊ होते. मग कूलर डावीउजवीकडे हलकेच पिळायचा आणि मगच उचलायचा. गृहस्थांना हे पाठ होतं. पण सौभाग्यवती यायच्या आत उरकायचं होतं, त्यामुळे त्यांनी कूलर गवार खुडावी तसा सरळ वर ओढला. 'टक्' असा आवाज झाला. कूलर हातात आला आणि त्याच्या बुडाला प्रोसेसर. सॉकेटची कडी अजून लावलेलीच होती. तिच्या पकडीतून तो सगळ्या पायांसकट उपटून निघाला होता. पाच वर्षांत ती पेस्ट सहाणेवर वाळलेल्या गंधासारखी झाली होती, फक्त करड्या रंगाची.

या सॉकेटच्या प्रोसेसरला १,३३१ पाय असतात. सोन्याचा मुलामा दिलेले, मिशीच्या केसाएवढे. दिव्याखाली तिरपं धरून पाहिलं तर सगळे एका रांगेत दिसायला हवेत. कोपऱ्यातले चार वाकले होते, त्यातला एक शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून. नव्या प्रोसेसरला त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण जुना विकायचा होता. गृहस्थांनी कन्येची अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं आणि ती रिकामी नळी एकेका पायावर टोपीसारखी चढवून श्वास रोखून त्याला उभं करायला लागले. चौथा पाय सरळ व्हायला चाळीस मिनिटं लागली. मागे सौभाग्यवती येऊन उभ्या होत्या. खांद्यावर रॅकेट, केसांवर पावसाचे थेंब.

"काय रे, ठिपक्यांची रांगोळी काढतोयस का?"

नवा प्रोसेसर बसला. वाटाण्याएवढी नवी पेस्ट. तपमान उतरलं, सरासरी वाढली, टेबलावर लोणी. कोनाड्यात, पुढल्या मंगळवारी, उचकी.

आता फक्त ग्राफिक्स कार्ड उरलं होतं. २३ मार्चला तेही आलं. आठऐवजी बारा गिगाबाइट. आतापर्यंतचा खर्च सुमारे १,२०० युरोंवर गेला होता, आणि मूळ पीसीतलं आता पत्र्याचं कपाट, मदरबोर्ड आणि झेंडूची आठवण एवढंच शिल्लक होतं.

वेल्डहोवनपासून सायकलने तासाभराच्या अंतरावर नुएनेन गाव आहे. तिथे संगणकशास्त्रातले थोर एड्सखर डाइक्स्ट्रा राहत. १९६२ ते १९८४ ते आइंडहोवनच्या विद्यापीठात प्राध्यापक होते आणि २००२ मध्ये नुएनेनलाच वारले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी धंदा 'प्रोग्रॅमर' असा सांगितला, तेव्हा असा धंदा अस्तित्वातच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी तो लिहून घेतला नव्हता. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ म्हणून लग्न लागलं. त्यांचं १९५९चं प्रबंधकार्य एक्स-१ या डच संगणकावरचं. त्या यंत्रात 'इंटरप्ट'ची सोय होती. इंटरप्ट म्हणजे आपण पोळ्या लाटत असताना दारावरची बेल वाजते. लाटणं बाजूला ठेवायचं, दार उघडायचं, पार्सल घ्यायचं, परत येऊन त्याच पोळीवर त्याच जागी लाटणं टेकवायचं. डाइक्स्ट्रांना या सोयीची सुरुवातीला धास्ती वाटली होती. बेल कधी वाजेल हे आपल्या हातात नाही, म्हणजे त्यातून होणारी चूक पुन्हा हुकमी घडवून दाखवणंही आपल्या हातात नाही. दाखवता न येणारी चूक सुधारायची कशी?

गृहस्थांनी बेल कोण वाजवतं ते पाहणारं एक साधनही लावलं होतं. एका कोरड्या, स्वच्छ उन्हाच्या रविवारी सकाळी. सगळं हिरवंगार. कुणी बेल वाजवत नव्हतं.

शेवटी शनिवार, ६ एप्रिलला, त्यांनी पीसी शेजाऱ्यांच्या बाकफीट्समध्ये घातला. बाकफीट्स म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल. तीत डच लोक मुलं, कुत्रे आणि बटाटे नेतात. पीसीला रजईत गुंडाळून, मुलाचा पट्टा लावून गृहस्थ गावातल्या रिपेअर कॅफेला निघाले. ही कल्पना मार्टिना पोस्टमा या बाईंची. १८ ऑक्टोबर २००९ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला कॅफे भरला, आणि आज जगभरात असे दोन हजारांहून अधिक आहेत. बिघडलेली वस्तू घेऊन जायची, हाताला कसब असलेली स्वयंसेवक मंडळी ती आपल्याबरोबर बसून दुरुस्त करतात. पैसे नाहीत. कॉफी आणि घरचा केक आहे. आपल्याकडे याला वेगळं नाव द्यायची वेळच आली नव्हती; प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक माणूस खोक्यावर बसून हेच करत असे, फक्त केक नसायचा.

गृहस्थांच्या वाट्याला आलेले आजोबा सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या आधी एक बाई टोस्टर घेऊन बसल्या होत्या, त्यामुळे अर्धा तास टोस्टर बघण्यात गेला. मग पीसी त्यांच्या टेबलावर चढला. त्यांच्याच जुन्या पडद्याला जोडला. गृहस्थांनी झान्डवूर्टच्या दहा फेऱ्या मारून दाखवल्या. आलेख चपातीसारखा सपाट. आजोबांनी फॉर्मवर 'बिघाड आढळला नाही' असं लिहिलं.

"घरी होतो हो," गृहस्थ काकुळतीने म्हणाले.

"मग घरून काय आणलं नाहीस?" आजोबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या व्हॅक्युम क्लीनरकडे वळले.

गृहस्थ मोजमापवाले असल्याने त्यांच्याकडे एक्सेल होतं. ऑक्टोबरपासून कुठल्या रात्री किती उचक्या लागल्या त्याची तारीखवार नोंद. सोमवारी रात्री त्यांनी तिच्याशेजारी जे सुचेल ते रकान्यात भरून पाहिलं. खोलीचं तपमान. वीज किती जळली. ऑफिसातून किती वाजता आले. काहीच जुळेना. मग आप्पांची गंमत म्हणून त्यांनी केएनएमआयच्या, म्हणजे डच हवामानखात्याच्या आइंडहोवन केंद्राच्या दैनंदिन पावसाचे आकडे उतरवून घेतले. हे खातं १८५४ पासूनचं, आणि आकडे कुणालाही फुकट देतं. २०२३ हे त्यांच्या नोंदींतलं सर्वांत ओलं वर्ष. पुण्याला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, नेदरलँड्सला आठशेच्या आसपास. म्हणजे फार फरक नाही, फक्त पुण्याचा पाऊस चार महिन्यांत काम उरकून जातो आणि इथला बारा महिने हप्त्याने येतो.

दोन रकाने शेजारी आले आणि गृहस्थ खुर्चीतून उठून पाणी प्यायले. कोरड्या रात्री: उचक्या शून्य. पावसाळी रात्री: चाळीस, पासष्ट, पंचावन्न. वादळाच्या रात्री: एकशे बारा.

दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, गुढीपाडवा होता. सकाळी श्रीखंड फेटता फेटता त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून घरात जाहीर केलं की पीसी पावसाने अडखळतो. कन्या म्हणाली, "बाबा, तू बरा आहेस ना?"

सौभाग्यवती मात्र हसल्या नाहीत. त्या गुढीला साखरेची गाठी बांधत होत्या. "पाऊस असला की मी रडार लावून ठेवते," त्या म्हणाल्या. "बॅडमिंटनला सायकलने जायचं का बसने, ते बघायला. तिकडच्या स्क्रीनवर."

तिकडची स्क्रीन!

ती गृहस्थांचीच करामत होती. २०२० मध्ये घरून काम करताना आणलेला एक जुना ६० हर्ट्झचा पडदा नंतर बिनकामाचा झाला होता. तो त्यांनी कोनाड्याच्या मागल्या बाजूला, स्वयंपाकघराकडे तोंड करून भिंतीला टांगला होता, वाणसामानाची यादी आणि शाळेचं वेळापत्रक दाखवायला. केबल पोहोचेना म्हणून यूएसबीतून चित्र काढणारं २२ युरोंचं एक डबडं मधे जोडलं होतं. त्यांच्या खुर्चीतून तो पडदा दिसत नसे. जेवणाच्या टेबलावरच्या एकाही चाचणीत तो जोडलेला नव्हता. रिपेअर कॅफेला तो नेला नव्हता.

अशा डबड्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. त्याच्यात चित्र रंगवण्याची ताकद नसते. पीसीचा प्रोसेसरच चित्र घेतो, दाबून लहान करतो आणि यूएसबीच्या बोळातून ढकलतो. त्यातही फक्त जेवढा भाग बदलला तेवढाच. वाणसामानाची यादी हलत नाही. डाळ, तांदूळ, कोथिंबीर एकदा पाठवली की काम संपलं. पण पावसाच्या रडारचा नकाशा हलतो. निळे-जांभळे ढग इंग्लंडच्या बाजूने सरकत येतात, झीलंडवरून ब्राबांटमध्ये घुसतात, संपतात, पुन्हा पहिल्यापासून येतात, आणि सौभाग्यवती बॅडमिंटनला गेल्यावरही, रिकाम्या स्वयंपाकघरासमोर, रात्रभर येत राहतात. प्रोसेसर पोळ्या लाटतोय आणि बेल वाजतेय, वाजतेय, वाजतेय.

१६६५ मध्ये हेगला ख्रिस्तियान हौखन्स आजारी पडून अंथरुणात होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच लंबकाचं घड्याळ काढलं होतं. समोर एकाच तुळईला टांगलेली तशी दोन घड्याळं त्यांना दिसत होती. त्यांच्या ध्यानात आलं की दोघांचे लंबक एकमेकांच्या नेमके उलट पण एका ठेक्यात झुलतात, आणि कुणी मुद्दाम बिघडवलं तरी अर्ध्या तासात पुन्हा तिथेच येतात. कारण होतं तुळई. एकाचा बारीकसा हादरा तिच्यातून दुसऱ्यापर्यंत पोहोचत होता. हौखन्सांनी दोन्ही घड्याळांकडे बघितलं आणि मग तुळईकडे. गृहस्थांनी एका घड्याळातला प्रत्येक भाग बदलला होता आणि दुसरं घड्याळ भिंतीच्या पलीकडे टांगलं होतं.

"बॅडमिंटन कधी सुरू झालं गं?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यानंतरच्या गुरुवारी."

त्याच संध्याकाळी चाचणी झाली. डबडं काढलं: सपाट. डबडं लावून नकाशा चालू केला: सुळके. काढलं, लावलं, काढलं. कन्येला हा खेळ शर्यतीपेक्षा आवडला. युरोपातल्या कायद्याने ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांच्या आत कारण न देता परत करता येते. ग्राफिक्स कार्ड येऊन त्या दिवशी १७ दिवस झाले होते. स्वयंपाकघरात आता भिंतीवर फळा आहे आणि त्यावर खडूने डाळ, तांदूळ, कोथिंबीर. पाऊस सौभाग्यवती फोनवर बघतात. आप्पांना रविवारी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं," आणि पुन्हा विचारलं, "पाऊस आहे का तिकडे?"

२७ एप्रिल हा डच राजाचा वाढदिवस. त्या दिवशी देशभर रस्त्यावर चादर अंथरून कुणीही काहीही विकावं, परवाना लागत नाही. मुलं आपली जुनी खेळणी मांडतात, एखादं व्हायोलिन घासतं, आणि सगळा गाव नारिंगी कपडे घालून दोन-दोन युरोंची घासाघीस करत फिरतो. कन्येने नारिंगी चादरीच्या एका बाजूला बाहुल्या आणि पझल मांडली होती. दुसऱ्या बाजूला गृहस्थ मांडी घालून बसले होते. पुढ्यात दोन रॅमच्या पट्ट्या, एक एसएसडी, एक पॉवर सप्लाय, एक ग्राफिक्स कार्ड आणि दाढीच्या साबणाच्या डबीत कापसावर ठेवलेला, चार पाय सरळ केलेला प्रोसेसर.

चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसला. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"यात बिघाड काय आहे?"

"काहीच नाही."

"यात?"

"त्यातही नाही. कशातच नाही."

"मग सगळं विकताय कशाला?"

गृहस्थांनी दसऱ्यापासून सुरुवात केली. ते पॉवर सप्लायपर्यंत पोहोचले तोवर मुलाने रॅमच्या पट्ट्या खिशात घालून कन्येच्या हातावर पंचवीस युरो ठेवले होते. उठता उठता त्याला चादरीच्या कडेला, बाहुल्यांच्या गर्दीत, ते डबडं दिसलं.

"आणि हे कितीला?"

"दोन युरो," कन्या म्हणाली. "पण कोरड्या दिवशीच वापर."